कवटीवरचं लॅटिन नाव

माजिवड्याच्या घरात काल गरम कपड्यांचं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. हाच वास आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, रानडुकराच्या कवटीच्या पेटीला यायचा. मी तिथे नुकतीच शिकवायला लागलेले. बाळकुमचे भोईरकाका तिथे शिपाई होते. बरण्या पुसता पुसता ते रोज एका बरणीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतल्या लॅटिन नावाचा अर्थ मला विचारायचे आणि पाठ करायचे.

एकदा त्यांनी कवटीवरचं नाव विचारलं, ‘सस स्क्रोफा’. मला अर्थ ठाऊक होता, पण गंमत म्हणून ठोकून दिलं, “एकटा लढणारा राजा.”

“शोभतं हो त्याला,” सुळ्यावरून हलकेच फडकं फिरवत काका म्हणाले.

पुढे परीक्षेला बाहेरून आलेले सर त्या कवटीपाशी थांबले, तेव्हा काकांनी हौसेने तो अर्थ सांगितला. सर खो खो हसले.

“अहो, सस म्हणजे डुक्कर आणि स्क्रोफा म्हणजे पिलं देणारी मादी! राजा कुठून आणलात? कुणी शिकवलं?”

पोरंही हसली. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात डोकं घातलं.

“मीच आपलं मनाने जोडलं, सर,” ते म्हणाले.

सुटले, असं तेव्हा वाटलेलं. त्यानंतरही काका माझा चहा आणायचे, टेबल पुसायचे, हसून बोलायचे. फक्त कुठल्याही बरणीवरच्या नावाचा अर्थ त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.