लेकीचे स्थळ कायमचे काढून टाकताना

माझे मोहाडीचे मेव्हणे आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगतात की, चार आकड्यांसाठी मी त्यांच्या पाया पडलो. हे साफ खोटे आहे. मी त्यांच्या ओसरीवर खुर्चीत बसलो होतो, खुर्ची त्यांनीच पुढे केली होती, आणि उठताना जे हात जोडले ते कोणीही निरोप घेताना जोडतो तसे जोडले. माझी पत्नी म्हणते, मी तीन दिवस हट्ट धरून बसलो म्हणून पोरीचे हाल झाले. दोन दिवस, तिसरा दिवस माझ्या हट्टाचा नव्हता. आणि नागपूरला माझ्या व्याह्यांच्या घरी एक तिसरीच हकीकत खरी मानली जाते. ती खोडून काढण्यासाठीच मी हे लिहायला घेतले आहे. चौतीस वर्षे मी सरकारी नोकरीत लोकांच्या जमिनी मोजल्या. एका बांधावरून भांडणारे दोन्ही शेजारी चुकीचे निघालेले मी कितीतरी वेळा पाहिले. त्या दोघांच्या जागी मी स्वतः असू शकतो, हे मात्र मला फार उशिरा कळले.

मुलीने औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली, तिला नागपूरला नोकरी लागली, आणि मी लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर तिचे खाते उघडले. तिला ते पहिल्या दिवसापासून नको होते. त्यासाठी भंडाऱ्याच्या स्टुडिओत काढलेला फोटो पाहून ती म्हणाली होती, "बाबा, मी काय बाजारात ठेवलेली भाजी आहे का?" मी तिला गप्प केले. उंची, रंग, रास, गोत्र, शिक्षण, नोकरी, सगळे मी स्वतः भरले आणि तिच्या गुणांचे अकरा ओळींचे वर्णन लिहिले. संपर्कासाठी भ्रमणध्वनी क्रमांक मागितला, तिथे मात्र माझा दिला नाही. आमच्याकडे सोयरिकीची पहिली बोलणी मुलीच्या मामाकडे येतात. बापाने स्वतःच्या लेकीचे स्थळ स्वतःच्या तोंडाने मांडणे हलके समजतात. म्हणून मेव्हण्यांचा क्रमांक दिला. त्या वेळी आमचे बरे होते.

लग्नाच्या दिवशी ते बिघडले. मुहूर्ताच्या वेळी मुलीच्या पाठीमागे मामा उभा राहतो, आणि मामा नव्हता. भटजी घड्याळ दाखवू लागले तेव्हा मी माझ्या धाकट्या भावाला पुढे केले. मंगलाष्टके संपता संपता मेव्हणे वरठीच्या स्टेशनावरून पाहुणे घेऊन आले, भाचीच्या मागे दुसराच माणूस पाहिला आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

लग्न झाल्यावर ते खाते काढून टाकायला हवे होते, हे आता पोरेसोरेही मला सांगतात. पण आमच्या कामात कागदावरची नोंद पुसून टाकत नसत. जुने नाव कंसात जायचे, शेजारी शेरा यायचा, आणि पुढचा वाचणारा शेरा वाचून समजायचा. मी तेच केले. त्या अकरा ओळींच्या खाली बारावी लिहिली: 'शेरा: सदर उपवर कन्येचा विवाह संपन्न झालेला असल्याने हे स्थळ बंद समजावे.' माझ्या लेखी काम पुरे झाले. लोक फोटो पाहतात, वय पाहतात आणि पुढे सरकतात, बाराव्या ओळीपर्यंत कोणी जात नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. स्थळे येतच राहिली.

दोन वर्षांनी जावयाच्या धाकट्या भावासाठी मुली पाहणे सुरू झाले आणि त्याने त्याच संकेतस्थळावर आपले नाव नोंदवले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला एक स्थळ सुचवले गेले: 'आपल्यासाठी अगदी योग्य.' फोटो त्याच्या वहिनीचा होता. खाली हिरव्या अक्षरांत लिहिले होते: 'आज सक्रिय.'

मुलगा सरळ होता, त्याने हसत हसत मोबाइल आईला दाखवला. पण त्यानंतर त्या घरात कोणी हसले नाही. लग्न झालेल्या सुनेचे खाते चालू आहे, आणि ती आजसुद्धा ते उघडून बसते, असा त्याचा अर्थ लावला गेला. मुलीने देवघरापुढे उभे राहून सांगितले की, ते खाते तिने आयुष्यात उघडलेले नाही, बाबांनी सुरू केले होते आणि लग्नानंतर बंदही केले. व्याही म्हणाले, मग ते खरोखर बंद करून या, तोवर माहेरी राहा. जावई खाली मान घालून उभे होते, असे मला नंतर कळले.

ती आमच्या शहापूरच्या फाट्यावर बसमधून उतरली तेव्हा तिच्या हातात एकच पिशवी होती. घरात येताच म्हणाली, "बाबा, ते आजच्या आज काढा. लपवायचं नाही, थांबवायचं नाही. फोटो, पत्ता, सगळं कायमचं गेलं पाहिजे."

मी मोबाइल घेऊन बसलो. खाते कायमचे काढण्याची जागा बऱ्याच पानांच्या आत दडवून ठेवलेली होती. 'तात्पुरते लपवा' मात्र ठळक होते. शेवटी ती जागा सापडली, आणि पडद्यावर मजकूर आला की, खात्री पटवण्यासाठी नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवण्यात येईल. तो क्रमांक मेव्हण्यांचा होता.

पत्नी म्हणाली, "मी करतो ना फोन माह्या भावाले. त्यात काय हाय?"

"माझ्या घरातून त्या माणसाकडे काही मागायचे नाही," मी म्हणालो. मी कंपनीला इंग्रजीत सविस्तर अर्ज पाठवला. उत्तर आले की, क्रमांक बदलायचा असल्यास आधी जुन्या क्रमांकावरचा ओटीपी द्यावा. मी दुसरा अर्ज पाठवला, अधिक कडक. असे दोन दिवस गेले. मुलगी ओसरीत बसून असायची. नागपूरहून फोन येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी मोहाडीला गेलो, स्वतःहून गेलो, कोणी ढकलले म्हणून नव्हे. मेव्हणे धानाची पोती शिवत बसले होते.

"या जी भाऊजी! रस्ता चुकले का?"

"रस्ता मला पाठ आहे. तुमच्या मोबाइलवर चार आकडे येतील, तेवढे सांगा."

"सांगतो ना. पयले पानी तं घ्या."

मी माझ्या मोबाइलवर कळ दाबली. त्यांच्या खिशात टुंग वाजले. त्यांनी मोबाइल काढला आणि मांडीवर पालथा ठेवला.

"आला वाटते. पर एक सांगा जी, मले वरठीले कोनं पाठवलं होतं?"

"तुम्ही स्वतःहून गेलात."

"मी सोताहून? पोरीचा मामा मी, अंतरपाटाच्या टायमाले सोताहून स्टेशनावर जाऊन उभा राहीन? बह्याड हाय का मी?"

"नऊ वाजता निघा म्हणून सांगितले होते. तुम्ही दहाला निघालात."

"म्हंजे पाठवलं होतं! आता आले ना लाइनीवर! अन् नऊले मले पत्रावळी मोजाले कोनं बसवलं?"

आतून त्यांची पत्नी ओरडली, "अवो, लेकीचं काम करा ना पयले! भांडन कुठं पळून राहिलं का?"

त्यांनी आकडे वाचले तेव्हा मुदत संपली होती. मी पुन्हा मागवले. या वेळी प्रश्न निघाला तो माझ्या भावाचा: तो तिथे कसा उभा राहिला, त्याला कोणी सांगितले, पाच मिनिटे थांबता आले नसते का. मी मुहूर्ताची वेळ सांगितली. त्यांनी दुसरी सांगितली. तीही मुदत गेली. तिसऱ्यांदा आलेला संदेश त्यांनी लगेच वाचला, पण चष्म्याशिवाय वाचला, आणि वाचला तो आधीचा. मीही तपासून घेतला नाही, कारण तपासायचे तर त्यांच्या शेजारी जाऊन बसावे लागले असते. पडद्यावर आले: 'तीन प्रयत्न निष्फळ. चोवीस तासांनंतर पुन्हा प्रयत्न करावा.'

तिसरा दिवस असा गेला. तो हट्टाचा नव्हता असे मी वर लिहिले. वाचकांनी काय ते ठरवावे.

चौथ्या दिवशी मुलीने माझा मोबाइल हातातून घेतला, मामाला फोन लावला आणि म्हणाली, "मामाजी, आकडे सांगा." त्यांनी सांगितले. इतकेच. दहा सेकंदही लागले नसतील.

मग खाते काढण्याआधीचे शेवटचे पान आले. तिथे विचारले होते की, आमच्याकडे असलेली आपली सर्व माहिती हवी असल्यास उतरवून घ्यावी, यानंतर ती कोणालाही मिळणार नाही. मी म्हणालो, "नको, काढून टाक." ती म्हणाली, "पाहू तरी काय काय ठेवलं होतं यांनी माझं." आणि तिने ती उतरवून घेतली.

पहिल्या पानांवर फोटो, उंची, रास. त्यानंतर आलेली स्थळे. आणि शेवटी एक लांबलचक यादी: खाते केव्हा केव्हा उघडले, कुठून उघडले, कोणत्या मोबाइलवरून. लग्नानंतरच्या दोन वर्षांतले जवळजवळ रोजचे दुपारचे दोन, सव्वादोन, अडीच. गाव शहापूर. मोबाइल माझा.

इथवर मी सगळ्यांच्या हकीकती दुरुस्त केल्या, आता माझी करतो. ती सासरी गेल्यावर जेवण झाले की मी ते खाते उघडत असे. पुण्याचा अभियंता, गोंदियाचा डॉक्टर, एक कृषी अधिकारी, या लोकांनी माझ्या लेकीला पसंती कळवलेली असायची, आणि ती वाचताना मला बरे वाटायचे. मी कोणालाही उत्तर दिले नाही. जावई वाईट नाहीत. पण माझ्या मुलीला किती मागणी होती हे कोणाला तरी ठाऊक असावे असे मला वाटे, आणि ते ठाऊक असणारा मी एकटाच होतो. बाराव्या ओळीतला शेरा मी रोज पाहत होतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानत होतो. 'आज सक्रिय' ही हिरवी अक्षरे रोज मीच उमटवत होतो.

तिने ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आवाज चढवला नाही. विचारले, "बाबा, हे त्यांना दाखवू?"

ते दाखवले असते तर ती त्याच संध्याकाळी निर्दोष ठरली असती. आणि व्याह्यांच्या घरी, मेव्हण्यांच्या घरी, मोहाडीच्या बाजारात चर्चा झाली असती की, लेकीचे लग्न लावून हा म्हातारा तिच्यासाठी आलेली स्थळे वाचत बसायचा. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. भिंतीकडे पाहत राहिलो.

मग तिने ती माहिती मोबाइलमधून पुसली आणि 'कायमचे काढून टाका' वर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटी नागपूरला गेली. खाते बंद झाले एवढेच तिने तिकडे सांगितले.

सात महिने मी गप्प होतो. या काळात ती दोनदा आली, जेवली, आईशी बोलली, माझी औषधे तपासून दिली. मोबाइलमध्ये काही अडले तर पूर्वी ती माझ्या शेजारी बसायची, आता म्हणते, "दुकानात दाखवा." शेवटी मीच नागपूरला गेलो आणि व्याह्यांपुढे बसून सगळे सांगितले. सांगताना एकही शब्द गिळला नाही.

व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "समजतो जी आम्ही. बापाचं काळीज हाय. लेकीसाठी तुमी सगळं अंगावर घ्यालच."

"मी अंगावर घेत नाही. मीच उघडत होतो."

"असू द्या ना आता. झालं गेलं आम्ही मनातून काढून टाकलं."

मी म्हणालो, मी पुरावा आणतो. तिथेच बसून कंपनीला लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले की, अशा कोणत्याही खात्याची माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही. त्यांनी काम चोख केले होते.

व्याह्यांपुढे बोललो त्या दिवशी निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. पदर नीट डोक्यावर होता. पूर्वी तिच्या घरी मी तसा पाहिला नव्हता.

"बाबा, आता पुन्हा हे बोलायला येऊ नका," ती म्हणाली. "त्यांनी मला माफ केलं आहे. तुम्ही आलात की त्यांना पुन्हा आठवते, अन् पुन्हा माफ करावं लागते."

सासूबाईंनी आतून हाक मारली आणि ती गेली. मी रिक्षा करून बसस्थानकावर आलो. माझ्या लेकीला ज्या गोष्टीसाठी माफ केले गेले आहे, ती तिने केलेली नाही. ते खाते तिने एकदाही उघडले नाही. उघडत होतो तो मी, आणि विचारले तेव्हा गप्प बसलो तोही मीच.