करायचं की करायचंय?

फादर दारात उभे होते आणि विन्सेंट दारात आडवा. हॉस्पिटलचा बॅज सरळ करत मी कॉरिडॉरमधून येत होते तेव्हा हे दृश्य दिसलं. म्हटलं, झालं! आज माझा डबा काही उघडत नाही.

मी मेडिकल इंटरप्रिटर आहे, म्हणजे दुभाषी. राहते अमेरिकेत, ओहायोमधल्या डब्लिनला. आजूबाजूच्या हॉस्पिटलांत मराठी किंवा हिंदी बोलणारा पेशंट आला की मला फोन येतो. पेशंट बोलतो ते मी इंग्रजीत सांगायचं, डॉक्टर बोलतात ते मराठीत. लोक विचारतात, घरात इंग्रजी बोलणारे चार जण असताना बाहेरची बाई कशाला? अहो, घरचे भाषांतर करत नाहीत, वकिली करतात. आजी म्हणते "जीव जातोय गं" आणि लेक सांगते "शी इज अ लिटल टायर्ड." म्हणून घरच्यांनी इंटरप्रिट करायचं नाही असा आमच्याकडे नियमच आहे.

पेशंट होते बावतीसकाका. नव्वदीच्या घरातले, मूळचे वसईकडच्या एका गावातले कॅथलिक. तरुणपणी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गेले, पोर्तुगिजांचा मार खाल्ला, तुरुंगात राहिले. ते तिकडे तुरुंगात असताना इकडे गावच्या फादरनी भर मिस्सेत, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनेत, सांगितलं, "ज्या पोराने ख्रिस्ती सरकारवर हात उचलला, त्याच्यासाठी कुणी प्रार्थना करू नका." समोरच्या बाकावर काकांची आई बसली होती. सुटून आल्यावर काकांना हे कळलं आणि त्यांनी चर्चची, त्यांच्या भाषेत देवळाची, पायरी सोडली ती सोडलीच. गावात त्यांना दोन गोष्टींसाठी मान होता. पोर्तुगिजांपुढे झुकले नाहीत आणि पाद्र्यापुढेही नाहीत. झेंडावंदनाला दर वर्षी पहिली खुर्ची त्यांची.

काही वर्षांपूर्वी ते बायकोसह डब्लिनला मुलीकडे राहायला आले; बायको इथेच गेली. मुलगी फिलोमिना, घरची फिलू, इथे आयटीत आहे आणि दर रविवारी चर्चला जाते. मुलगा विन्सेंट वसईतच असतो. वडिलांचा वारसा त्याने छातीशी धरून ठेवलेला. काकांना स्ट्रोक आला तसा तो मिळेल त्या विमानाने धावत आला. स्ट्रोकमध्ये काकांचं इंग्रजी पार गेलं. मराठी राहिलं, पण अडखळत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की माणूस काही आठवडे काढेल, पण बोलणं त्याच्या आधी जाईल.

आणि त्या सकाळी काका म्हणाले, "फादरला बोलवा. मला माफ करायचं..."

आता इथे मराठी कळणाऱ्यांनी जरा कान द्यावा. फिलूने ऐकलं "मला माफ करायचं." आपण "उद्या जेवायला यायचं हं" म्हणतो ना, तसं. म्हणजे मला क्षमा करा. विन्सेंटने ऐकलं "मला माफ करायचंय." म्हणजे मी क्षमा करणार आहे. "मला जेवायचंय," तसं. मध्ये फरक काय तर एका ‘य’चा. फिलूच्या मते बाबा चर्चकडे परत आले. विन्सेंटच्या मते बाबा मरतानाही झुकत नव्हते, उलट चर्चलाच माफी देत होते. दोघांचंही त्याच शब्दावर सगळं टांगलेलं.

"ताई, तुम्ही मराठी आहात, तुम्हीच सांगा," विन्सेंट म्हणाला. "माझ्या बापाने आयुष्यभर एक शब्द मागे घेतला नाही. आता बोलता येत नाही म्हणून त्याच्या तोंडी माफी घालायची? गावात काय तोंड दाखवू मी?"

"गाव, गाव, गाव!" फिलू आतून ओरडली. "बाबा तिथे पडलेत. त्यांना काय हवंय ते विचारशील का कधी?"

मी बाहेर जाऊन माझ्या सुपरवायझरला, लिंडाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू तिथे नव्हतीस ना सकाळी?"

"नव्हते."

"मग सकाळचं वाक्य इंटरप्रिट करू नकोस. जे ऐकशील तेच बोल. आणि प्लीज, डोन्ट फिक्स द फॅमिली."

लिंडाला काय जातंय सांगायला! पण तिचं खरं होतं.

फादर रे हे तिथले चॅप्लिन, म्हणजे हॉस्पिटलमध्ये पेशंटची विचारपूस करणारे धर्मगुरू. मूळचे फिलिपिन्सचे. बुटके, शांत, पायात धावायचे बूट. दारात अडवल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या देशाचा सगळ्यात मोठा हीरो चर्चवर टीका करून गेला. त्याला गोळ्या घालण्याआधी तो कॅथलिक धर्मात परत आला की नाही, यावर आम्ही शंभराहून जास्त वर्षं भांडतोय. आमच्या घरी ख्रिसमसच्या जेवणात माझे दोन काका या विषयावरून ताटावरून उठलेले मी पाहिलेत. मला आणखी एक घर असं भांडत ठेवायचं नाही. ही कॅन स्टिल टॉक. लेट्स आस्क हिम."

असा पाद्री वसईला आधी मिळाला असता तर!

मी विन्सेंटला म्हटलं, "दादा, फादर काही करायला आलेले नाहीत, विचारायला आलेत. तुम्ही समोर उभे राहून ऐका." तो बाजूला झाला, पण हाताची घडी सोडली नाही.

आमच्या कामाचे दोन नियम इथे सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. एक, पेशंट "मी" म्हणाला की आम्हीही "मी" म्हणायचं. "हे म्हणतायत की" वगैरे चालत नाही. दुसरा, ऐकू आलं नाही तर अंदाज करायचा नाही. हात वर करून सांगायचं, इंटरप्रिटरला क्लॅरिफिकेशन हवंय.

फादर कॉटजवळ वाकले. काकांनी डोळे उघडले आणि ते बोलले. मला ऐकू आलं ते असं: "मला माफ कवाय्यं."

घ्या! कवाय्यं! ना धड इकडचं ना तिकडचं. फिलू आणि विन्सेंट दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जशी काही मी निकालपत्र काढून आणलंय. मी हात वर केला. आणि हात वर करता करता माझं लक्ष काकांच्या गालांकडे गेलं.

"यांची कवळी कुठाय?"

फिलू गोंधळली. "ड्रॉवरमध्ये. घशात जाईल म्हणून मीच काढून ठेवली."

कप्पाळ! म्हणजे एका माणसाच्या धर्माचा निकाल बिनदाताच्या तोंडावरून लावायला निघालो होतो आम्ही. नर्सला विचारलं. तिने काकांना टेकून बसवलं, कवळी धुऊन लावली, चमच्याने पाणी पाजलं. काकांनी दोनदा जबडा हलवून बघितला आणि एकदम सभेतला माणूस दिसायला लागले.

फादरनी परत विचारलं, मी मराठीत विचारलं. "काका, तुम्हाला कुणाला माफ करायचंय? का कुणी तुम्हाला माफ करावं असं म्हणताय?"

काका म्हणाले, "दोन्ही."



"आधी ह्याला सांग," त्यांनी फादरकडे बोट केलं. शब्द एकेक येत होते, पण स्वच्छ. "माझ्या आईसमोर... देवळात... जे बोललात... ते मी माफ केलं. आता ओझं... उचलवत नाही."

नियमाप्रमाणे मी ते इंग्रजीत "मी" म्हणून बोलले. व्हॉट यू सेड इन फ्रंट ऑफ माय मदर, आय फर्गिव्ह. फादरनी मान खाली घातली. "ते बोलणारा मी नव्हतो," ते म्हणाले, "पण मी त्यांच्याच कपड्यातला आहे. आय ॲम सॉरी. आणि थँक यू." मी ते मराठीत सांगितलं. काकांनी "ठीक" म्हणून मान हलवली. इतक्या वर्षांचा राग, आणि त्याची पावती एक "ठीक"!

"आणि दुसरं?" फादरनी विचारलं.

काका फिलूला शोधत होते. ती पुढे आली. "फिलू... तुझ्या लग्नात... मी बाहेर उभा राहिलो. गाडीपाशी. तू आत जाताना... मागे वळून बघितलंस. मला माफ करायचं, माझी बाय."

तिथे शेवटचा ‘य’ नव्हता. मी शपथेवर सांगेन.

"बाबा, काय हे! कधीच केलं मी, कधीच केलं," फिलू त्यांच्या हातावर डोकं ठेवून रडायला लागली. मला तेही इंग्रजीत सांगावं लागलं, नोकरी आहे माझी. विन्सेंटची हाताची घडी कधी सुटली कळलं नाही. त्याने नाक पुसलं, कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि फादरना बसायला दिली.

मग काका म्हणाले, "दार लावा."

"कशाला, बाबा?"

"तुम्ही दोघं बाहेर. दार लावा."

ते दोघं बाहेर गेले. आत राहिलो काका, फादर आणि इंटरप्रिटर. आत काय झालं ते मी सांगणार नाही. पेशंटचं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा हॉस्पिटलचा नियम. आणि पापनिवेदनाला, म्हणजे कन्फेशनला, दुभाषी असेल तर त्यालाही फादरइतकंच गप्प राहावं लागतं, हे फादर रेंनी मला दार लावल्यावर समजावलं. म्हणजे पापनिवेदन झालं असं नव्हे. झालं नाही असंही नव्हे. कदाचित आम्ही वसईच्या केळ्यांबद्दल बोललो असू.

त्यानंतर काका आणखी काही आठवडे जगले आणि मजेत जगले. जोवर बोलता येत होतं तोवर दिसेल त्याला माफ करत होते. जावयाला केलं, गावच्या सरपंचाला केलं, हॉस्पिटलच्या सूपला मात्र केलं नाही. मग एका दुपारी झोपेतच गेले. इथल्या दफनभूमीत बायकोशेजारी जागा राखलेली होती, तिथे पुरलं. फिलूने मिस्सा ठेवली, विन्सेंटने पेटीवर तिरंगा घातला. मी दोन्ही पाहिलं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला अडवलं नाही, आणि जेवणाच्या वेळी भाऊबहीण एकाच टेबलावर बसून बाबांच्या नकला करत होती. मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा भात घेतला.

गावात अर्थात मिटलेलं नाही. परवा विन्सेंटचा वसईहून फोन आला.

"ताई, गावच्या चौकाला बाबांचं नाव देतायत, पाटीवर ‘अखेरपर्यंत झुकले नाहीत’ असं लिहायचंय. अर्धे म्हणतात लिहा, अर्धे म्हणतात फादर आत गेले होते. आत पापनिवेदन झालं का, फक्त हो की नाही सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"पाटी तुमची, मजकूर तुमचा," मी म्हटलं.

"फादर रे पण डिट्टो हेच बोलले!" तो हसला. मग म्हणाला, "मला खरं तर नकोच आहे उत्तर. मला काय ऐकायचं होतं ते मी ऐकलं. फिलूनेही."

हे ऐकून माझा नवरा म्हणाला, "सगळं तूच ‘मी’ म्हणून बोललीस ना? मग पापं झालीच असतील धुऊन तर तुझी." मी त्याला भाजी निवडायला बसवलं.

एवढं मात्र सांगते. माणसाला काय म्हणायचंय ते त्यालाच विचारावं, तो असेतो, आणि कळलं नाही तर परत विचारावं. नंतर विचाराल तर उत्तर माहीत असलेला फक्त इंटरप्रिटर उरतो, आणि त्याला बोलायची परवानगी नसते.