टाकी लहान आहे

कायदा पाळावा तर आमच्या घरमालक काकांनी. आपण बाकीचे फक्त पोलीस दिसला की पाळतो. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्याकडे मी भाड्यानं राहायला आलो, तेव्हा त्यांनी मला आधी आपली हद्द कुठं संपते ते दाखवलं, मग नळ. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ते हात बाहेर काढून वळण्याची खूण करणार म्हणजे करणार. त्यांची गाडी वडिलांनी घेतलेली, काळी, गोल डोळ्यांची, वयानं माझ्यापेक्षा थोर. बॅटरीला सकाळी जाग येत नाही, म्हणून मी पुढं दोर बांधून तिला फाटकापर्यंत ओढतो. भाड्यात ते धरलेलं नाही. टॅक्स भरायला काका इस्त्रीचा शर्ट घालून जातात. विमेवाल्यानं गाडीची किंमत विचारली तर म्हणाले, "किंमत विकणारा सांगतो. मी कुठं विकतोय?" आणि त्या बिचाऱ्याला दोनदा उप्पीट वाढलं.

रोज सकाळी ते काकूंना शेजारी बसवून तळ्यापर्यंत नेतात. काकूंना आता मुलांची नावंही आठवत नाहीत, पण गाडीत बसल्या की चेहरा उजळतो आणि काहीही सांगा, त्या विचारतात, "मत्ते?" मत्ते म्हणजे मग. पिढ्यानपिढ्या म्हैसुरात मुरलेल्या या घरातलं मराठी निम्मं कानडीच आहे.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. आता व्हिंटेज म्हणून नोंदवली तरच ती रस्त्यावर येणार होती. पण तशी गाडी रोज वापरता येत नाही. हा नियम काकांनी मला आदल्या संध्याकाळी वाचून दाखवला आणि अंधार पडेपर्यंत गाडी पुसत राहिले.

आरटीओतल्या तपासणीला मी बरोबर गेलो, कानडी येतं या गुर्मीत. सगळं मूळचं असावं म्हणून काकांनी काकूंनी विणलेली उशीसुद्धा घरी ठेवली होती. काकू मात्र गाडीतून उतरायला तयार नव्हत्या.

"दिना ओडिस्तीरा?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

मला ऐकू आलं, रोज ओढता का? मी छाती फुगवून हो म्हणालो, "हौदु सार, दिना."

त्याचं पेन थांबलं. ओडिसोदु म्हणजे चालवणं, हे मला काकांच्या चेहऱ्यावरून समजलं. गैरसमज झाला असं सांगून ते सुटू शकले असते. पण ते हात जोडून म्हणाले, "खरं आहे, सार. रोज चालवतो. हिच्यासाठी. आजपासून बंद."

आतून आवाज आला, "मत्ते?"

इन्स्पेक्टर काकूंकडे बघत राहिला. मग खाली मान घालून लिहिता लिहिता म्हणाला, प्रदर्शनाला नेता येते, दुरुस्तीला नेता येते, पेट्रोल भरायला नेता येते.

काकांनी बराच विचार केला. "टाकी लहान आहे, सार," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यानं सही केली.

आता तळ्यापलीकडचा पंप काकांना सोयीचा पडतो. परवा मी मागं बसलो होतो. टाकी भरलीय, पंपवाला म्हणाला. "थोडी जागा असंल, नोडप्पा, बघ जरा," काका म्हणाले. परतताना काकूंनी विचारलं, कुठं गेलो होतो?

"पेट्रोल भरायला."

"मत्ते?"

रिकाम्या रस्त्यावर काकांनी हात बाहेर काढून वळण्याची खूण केली.

"मत्ते उद्या," ते म्हणाले.