म्यूटचं बटण माझ्याकडे होतं

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या गायकवृंदात मला घेतलं ते आवाजासाठी नाही, मी आयटीत आहे म्हणून. बाकी सगळे पोलंड, जर्मनी, लिथुएनियाहून आलेले आजी-आजोबा. वर्षातून एकदा ते आपापल्या मूळ गावच्या वृंदांबरोबर व्हिडिओ कॉलवर एकच गाणं गातात. गाण्याने युरोप जोडायचा, हा आमच्या संचालकांचा ध्यास. इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून गायचं मात्र सगळ्यांनी म्यूटवर. म्हणजे चार देश एकमेकांकडे बघत तोंडं उघडतात आणि कुणाचं कुणाला काही ऐकू येत नाही. संचालक तेवढ्यानेच गहिवरतात. निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांना उघडी तोंडं पुरतात.

म्यूटचं बटण माझ्याकडे.

त्या शनिवारी सकाळी शेजारच्या पोलिश काकू बर्फ तुडवत माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. क्राकूवच्या वृंदात त्यांची धाकटी बहीण गाणार होती. तरुणपणी दोघींनी मिळून अमेरिकेला यायचं ठरवलं होतं. बहिणीचे कागद अडकले आणि काकू न थांबता एकट्याच निघून आल्या. तेव्हापासून बहीण त्यांच्याशी बोललेली नाही.

"मला तिची एक ओळ ऐकव," काकू म्हणाल्या. "एकच."

नाही कसं म्हणणार? दर गणपतीला या बाई आमच्याकडे मोदक खातात आणि आरतीला आमच्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवतात.

शेवटच्या कडव्याला मी क्राकूवचा आवाज उघडायला गेले आणि घाईत सगळ्यांचाच उघडला. चार देश चार ठिकाणी होते. जर्मन पुढे, लिथुएनियन मध्येच, आमचा पियानो भलतीकडे. संचालकांचे हात हवेतच राहिले. मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्या आरतीत दरवर्षी हेच होतं.

एकेक देश गाणं संपवून गप्प झाला. क्राकूव सगळ्यांच्या मागे होतं. आणि आमच्याकडे काकू एकट्याच शेवटचं अक्षर ताणत उभ्या होत्या, डोळे मिटून, लालबुंद होऊन, थेट आमच्या आरतीसारखं. गेल्या गणपतीत त्यांनी विचारलं होतं, तुम्ही मध्येच एवढं का ताणता? मला कुठे माहीत होतं? मी ठोकून दिलं होतं, मागे राहिलेले येऊन पोचावेत म्हणून.

क्राकूवहून एक बारीक आवाज आला आणि त्या अक्षराला येऊन मिळाला. मग काकूंनी श्वास घेतला.

पडद्यावरची म्हातारी बाई पोलिशमध्ये काहीतरी बोलली. काकू पडद्याकडे सरकल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, या वेळी थांबलीस."

मला रडू आवरेना. तेवढ्यात संचालक ओरडले, "म्यूट करा आधी सगळ्यांना!"

"सिस्टीम हँग झालीय," मी म्हटलं आणि बटणावरचा हात मांडीखाली दाबून बसले.