राजेश्वरच्या दालमिलचा भोंगा

चोर पकडायचं यंत्र बसवणाऱ्या माणसाला चोर कधी भेटत नाही. भेटतात नुसते किस्से! मी आणि माझे उस्ताद शिवराजअण्णा बिदरकडच्या गावांत भोंगे बसवत फिरायचो. त्यात राजेश्वर गावची दालमिल म्हणजे तर कहर!

गावात टीव्हीसुद्धा नुकताच आला होता. मिलचे मालक अप्पा. आम्ही आल्याआल्या त्यांनी सांगून टाकलं, "भोंगा पास झाला की मारुतीला घरी धाडणार." मारुतीमामा म्हणजे मिलचे जुने वॉचमन. शेजारीच उभे होते बिचारे! वर त्यांनीच आम्हाला चहा आणून दिला. मला तो चहा गोड लागेना.

*

यंत्र तसं सोपं. भिंतीच्या या टोकाची डबी न दिसणारा उजेड फेकते, त्या टोकाची डबी तो झेलते. मध्ये कोणी आलं की भोंगा! दोन्ही डब्या एका रेषेत आणायला अण्णा तिकडून ओरडत होते, "उजवीकडं घे! अजून उजवीकडं!"

मी डबी फिरवत होतो. बाहेर रस्त्यावरच्या गाडीवानानंही बैल उजवीकडं घेतले. गाडी थेट नालीत! वर तोच आमच्यावर डाफरला, "आता डावीकडं कधी घ्यायचं, ते बी सांगा की!"

*

अण्णांनी तो उजेडाचा पट्टा, म्हणजे बीम, गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवला. आठवडाभर भोंगा गप्प. अप्पा खूश! मग बघतो तर काय, तूर निवडायला येणाऱ्या बायका लुगडं सावरून तो न दिसणारा उजेड ओलांडून जायच्या.

"अक्का, कामून असं चालायलाव?"

"दिव्याला पाय लागंल की!"

*

एकदा तुरीच्या चुनीकोंड्याच्या वासानं शेळी आत शिरली आणि भोंगा बोंबलला. अप्पा धावत आले. "बंद करा! आमच्या आईची शेळी हाय ती!"

"अप्पा, मशीनला काय कळतंय?"

"मग वळख करून दे की!"

अण्णांनी कपाळावर हात मारला आणि बीम शेळीच्या डोक्याच्या वर चढवला. आता बायका वाकून जायला लागल्या!

*

खंडेनवमीला मिलमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. आमच्या डब्यांनाही कोणीतरी भक्तिभावानं हळदीकुंकू लावलं, ते नेमकं लेन्सवर! भोंगा जो सुरू झाला, तो थांबेना. मी लेन्स पुसायला गेलो, तर अप्पांच्या आईंनी हातावर चापट मारली.

"हात लावू नगं! देव बोलायलाय!"

*

शेवटी ट्रायलचा दिवस उजाडला. भरदुपारी, पाहुण्यांसमोर. "चोर मी बनतो," अप्पा म्हणाले. मारुतीमामा कोपऱ्यात तोंड पाडून उभे. खरं सांगतो, भोंगा फेल जावा असं मला मनापासून वाटत होतं.

अप्पांनी भिंतीवरून आत उडी मारली. भोंगा असा वाजला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पास!

आणि मिलमधल्या सगळ्यांनी कामं टाकली, हात धुतले आणि भाकरीची फडकी सोडली. भोंगा झाला म्हणजे जेवणाची सुट्टी, एवढंच त्यांना ठाऊक! चोराकडं बघतंय कोण?

धावले ते एकटे मारुतीमामा. त्यांनी अप्पांच्या धोतराचा सोगा गच्च धरला.

"अरं सोड! मी हाय, मी!"

"व्हय मालक, वळखलंय. आधी सांगा, उद्या कामावर येऊ का नगं?"

"ये बाबा, ये! पण सोगा सोड, पाव्हणे बघायलेत!"