धवल्यांचा बॅकअप

"बॅकअप घेतलाय म्हणजे घेतलाय, ताई! तेच तेच किती वेळा सांगू?" सावंतांनी टेबलावर हात आपटला. त्यावर जोशी सावंतांच्या बॅकअपबद्दल जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्तकनगरातल्या आमच्या छोट्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे, आणि त्याची डिस्क कुरकुरायला लागली होती. ती बदलायच्या आधी बॅकअप कोणत्या टूलने घ्यायचा, यावर सकाळपासून भांडण चाललेलं. एका कॉम्प्युटरभोवती तीन म्हातारी माणसं बसली की असले किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साचत जातात. घासायला शेवटी मीच.

त्या जुन्या डब्यावर विंडोज चालेना, तेव्हा लिनक्स टाकलं. मी टाकलं. सातवीत शाळा सुटली होती. साठी उलटल्यावर माझी मी वाचून, चुकून, पुन्हा करून शिकले. तरी लोक विचारतात, "ताईंना हे सगळं सावंतांनी शिकवलं का हो?" आणि सावंत नुसते हसतात. नाही म्हणत नाहीत.

*

सावंत सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, मूळ मालवणकडचे. दर शनिवारी न चुकता बॅकअप घ्यायचे आणि घरी जाताना मला बजावून सांगायचे.

एकदा मी विचारलं, डिस्क गेली तर?

"गेली तर गेली. बॅकअप आहे ना!"

तो कुठे आहे, विचारलं. त्यांनी त्याच कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. मी उठून पाणी प्यायले.

*

मग जोशींनी सूत्रं हातात घेतली. जोशी डोंबिवलीहून येतात, सगळं पद्धतशीर करतात. त्यांनी बाहेरून लावायची वेगळी डिस्क आणली, तिच्यावर बॅकअप घेतला, आणि कुणी चोरली तरी उघडता येऊ नये म्हणून पासवर्ड घातला. इतका अवघड घातलाय, म्हणाले, की कोणाच्या बापाला उघडता येणार नाही.

खरं निघालं. त्यांनाही नाही आला.

गणपतीच्या कार्यक्रमाचे सगळे फोटो त्या डिस्कमध्ये अजून अगदी सुरक्षित आहेत.

*

तिसरा किस्सा सांगताना हसू येत नाही.

भोईर माजिवड्याचे. त्यांची शेतं होती तिथे आता टॉवर आहेत. त्यांच्या आई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले गाणाऱ्या. त्यांची गाणी कुठेच उतरवलेली नव्हती. म्हणून एका दुपारी पंखा बंद करून आम्ही ती वाचनालयातच रेकॉर्ड केली. घामाने भिजलो सगळे, पण त्या गातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अपडेट झालं आणि स्क्रीन काळी पडली. सावंत पुढे सरसावले. टाइमशिफ्ट नावाचं टूल आहे, ते सिस्टिमला आधी जपून ठेवलेल्या स्थितीत परत नेतं. तुमच्या स्वतःच्या फायलींना ते हात लावत नाही, तुम्ही मुद्दाम टिक केल्याशिवाय. सावंतांनी कधीतरी ती टिक करून ठेवली होती. अधिक असेल तर बरंच, या हिशोबाने.

कॉम्प्युटर झकास चालू झाला. सावंतांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की सगळंच आदल्या आठवड्यात जाऊन बसलंय, आणि आदल्या आठवड्यात गाणी नव्हती.

भोईर आईला घेऊन पुन्हा आले. म्हातारी खुर्चीत टेकली, कॉम्प्युटरकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "एवरी मोठी मशीन, तिला चार गानी नाय ठेवता येत?"

आणि पुन्हा सगळी गायली. या वेळी मध्ये मध्ये थांबत, दम खात.

पुढे काही महिन्यांनी त्या गेल्या.

*

तर त्या सकाळचं भांडण. सावंतांचं म्हणणं, क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कचाच ठसा घ्यायचा, म्हणजे काही सुटणार नाही. जोशींचं म्हणणं, एवढा पसारा कशाला, आरसिंकने कामाच्या फायली उचलायच्या, रोज बदललेलं तेवढंच. दोन्ही टूल चांगली आहेत. मी दोन्ही वापरून बसलेय. पण मला विचारतो कोण! दोघांनी आपापल्या पद्धतीने आपापल्या डिस्कवर बॅकअप घेऊनही टाकला होता, आणि आता खरा कोणाचा यावर जुंपली होती.

तेवढ्यात भोईर आले. पेपरच्या बाकावर बसले, थोडा वेळ ऐकत राहिले. मग हळूच मला विचारलं, "काकू, आईचा आवाज राहील ना?"

दोघेही एकदम म्हणाले, शंभर टक्के. आणि शंभर टक्के कोणामुळे, यावर पुन्हा सुरू.

मी विचारलं, त्या बॅकअपमधून एक तरी गाणं कोणी परत आणून वाजवून पाहिलंय का? सावंत म्हणाले, गरज काय? जोशी म्हणाले, फाइल दिसतेय म्हणजे आहे. भोईर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. माझी कंबर दुखत होती, सकाळचा चहा तसाच गार पडलेला. खुर्ची पुढे ओढली, भोईरांच्या आईचा फोल्डर निवडला, डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हटलं,

"ज्याला आपल्या बॅकअपची खात्री आहे त्याने भोईरांकडे बघून हो म्हणावं, मी पुसते."