जिझानच्या आमाई

आमाई आधी पेशंटचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि मगच हातमोजे चढवायच्या. आमच्या दवाखान्यात सगळ्यांची पद्धत उलटी होती. रक्त काढायला माणूस समोर बसला की मोजे, मग सुई, मग पुढचा. आमाई मात्र उघड्या हाताने त्याचा हात धरायच्या, क्षणभर तसाच ठेवायच्या, नाव विचारायच्या. इजिप्तहून आलेल्या मिसरी डॉक्टरांनी त्यांना एकदोनदा टोकलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सुई लागणारच आहे त्याला. आधी माणूस तरी लागू दे." मी त्याचं अरबी करून सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले आणि पुन्हा काही बोलले नाहीत.

हा दवाखाना सौदीतल्या जिझानमध्ये, बंदराच्या रस्त्यावर. कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या हेच तिथलं मोठं काम. माझे मालक रिफायनरीत फोरमन, मुलगी इंडियन स्कूलमध्ये, आणि मी दवाखान्याच्या काउंटरवर. अरबी, हिंदी, मराठी तिन्ही येतात म्हणून ठेवलेली. एका सकाळी नवी नर्स आली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, सावळी, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावरचं नाव वाचून तिने सरळ मराठीत विचारलं, "तू श्रीवर्धनकडची का गं?" मी हो म्हटलं आणि त्यांचं गाव विचारलं. त्या नगरच्या, ख्रिस्ती. ऐन तरुणपणी मिशनतर्फे आफ्रिकेत, मलावीला गेल्या आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथे काढलं. तिथे आईला आमाई म्हणतात. गावातली पोरं त्यांना त्याच नावाने हाक मारत आणि नगरला परतल्यावर भाऊही तेच म्हणू लागला. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

मलावीत त्यांचं काम एचआयव्ही झालेल्या घरांचं होतं. घरांचं, रोग्यांचं नव्हे, असं त्या आवर्जून म्हणत. "बाई आजारी पडली की तिचं घर आजारी पडतं. तिला गोळी दिली आणि घरी तिचं ताट वेगळं ठेवलं, तर ती गोळी काय करणार?" पहिल्याच वर्षी त्यांनी एक बाई पाहिली होती. सासरच्यांनी तिला घरामागच्या शेळ्यांच्या छपरात ठेवलं होतं. मक्याची पेज एका फुटक्या वाडग्यात छपराच्या तोंडाशी ठेवून जात. आमाई छपरात शिरल्या, तिच्याजवळ बसल्या आणि त्याच वाडग्यातून तिच्याबरोबर जेवल्या. अंगणात सगळं गाव उभं. "मला भीती वाटत होती," त्या सांगायच्या, "पुस्तकात वाचलं होतं की जेवणातून होत नाही. पण पुस्तक नगरला वाचलं होतं ना." दुसऱ्या दिवशी त्या बाईची नणंद तिला हात धरून घरात घेऊन आली.

पुढे तिथे मिशनचं केंद्र उभं राहिलं. गरोदर बायांना वेळेत औषध द्यायचं, म्हणजे बाळाला लागण होत नाही, हे आमाईंचं मुख्य काम. त्यावर बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. औषध घेतलेल्या आयांची पोरं शाळेत जाऊ लागली, कुणी शिक्षिका झाली. मग बाहेरून येणारी मदत आटली आणि केंद्राला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटातली सगळी औषधं वाटून टाकली. "बाया रांगेत उभ्या राहिल्या, पुड्या घेतल्या, गुडघ्यात वाकून नमस्कार करून गेल्या. यापुढे काय, असं एकीनेही विचारलं नाही. शबाना, विचारलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं." नगरला त्या थोडे दिवस भावाकडे राहिल्या. बसून राहणं जमेना, म्हणून एजंटामार्फत इथे आल्या.

इथे त्यांनी कधी कुणाला धर्माची गोष्ट सांगितली नाही. शुक्रवारी दवाखान्यामागच्या खोलीत पंखा मोठा करून हळू आवाजात भजन म्हणायच्या, एवढंच. रमजानमध्ये माझ्या घरी इफ्तारला यायच्या. ताटाला हात लावण्याआधी डोळे मिटायच्या, तेव्हा माझी मुलगी मला विचारायची, "मम्मी, शी इज अल्सो फास्टिंग?" आमाई म्हणायच्या, "हो गं, तुझ्या आईच्या हातची बिर्याणी आहे म्हटल्यावर सकाळपासून उपाशी आहे मी."

आमच्या दवाखान्यात एखाद्या परदेशी कामगाराच्या रक्तात एचआयव्ही निघाला की पुढचं ठरलेलं असतं. सरकारला कळवायचं, कंपनी त्याला कॅम्पमधून वेगळं काढते, आणि कागद झाले की विमान. बहुतेकांना काय झालंय हेही धड कळत नसे. खलास, चल, एवढंच. आमाईंनी डॉक्टरांकडून एक गोष्ट मागून घेतली होती: ती बातमी त्या स्वतः सांगणार. त्या कधी कुणाला विचारत नसत की हे कुठून आलं, कसं आलं. "ते विचारून त्याचा एक दिवसही वाढत नाही," म्हणायच्या.

यासीन तसाच आला. आमच्याच मुलखातला, म्हसळा तालुक्यातला, एसीचे डक्ट बसवणारा. इकडे बरीच वर्षं झालेली, पण आता कंपनी बदलत होता म्हणून नव्याने तपासणी. अंगाने वाळलेला, खोकत होता; जिझानच्या दमट हवेला दोष देत होता. मागच्या सुट्टीत त्याचा निकाह झाला होता. काउंटरवर उभ्या उभ्या त्याने मला मोबाइलवर बायकोचा फोटो दाखवला. "भाबी, ही नफिसा. आता इन्शाल्ला आमच्याकडे पाळणा हलणार."

रिपोर्ट आला. पुन्हा तपासलं, तोच आला. आमाईंनी त्याला आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं आणि मराठीत सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज ड्युटीवर जाऊ ना?" तो पुन्हा म्हणाला, "साइटवर माणूस कमी आहे." मग एकदम खुर्चीवरून घसरल्यासारखा खाली बसला. आमाईही खाली त्याच्याजवळ बसल्या.

कंपनीने त्याला शहराबाहेर एका रिकाम्या खोलीत ठेवलं. ड्युटी संपली की आमाई टॅक्सी करून तिकडे जायच्या. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण द्यायची. त्याच्या तोंडात फोड होते, म्हणून त्या भाकरी कालवणात कुस्करून मऊ करायच्या आणि एकाच ताटात त्याच्याबरोबर जेवायच्या. एकदा मीही गेले. तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"नफिसाला कितवा महिना, यासीन?"

"सातवा लागलाय."

"तिची रक्ततपासणी?"

"केली ना, सुरुवातीलाच. सगळं ठीक आहे."

"ती फार लवकर झाली, बाबा. तेवढ्या लवकर दिसत नाही. पुन्हा करायला हवी. आणि निघालंच तरी अजून वेळ आहे. गोळ्या सुरू झाल्या तर बाळ वाचतं. मी या हातांनी अशी बाळं घेतलीत. तू फक्त तिला सांग."

यासीनने मान खाली घातली. "ती मला सोडून जाईल, आमाई."

"जाऊ दे. जिवंत जाईल."

तो किती तरी वेळ रडला. मग म्हणाला, "फोनवर नाही जमणार. घरी जाऊन तोंडावर सांगतो. अल्लाची कसम." आमाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

परतताना टॅक्सीत मी म्हटलं, "आमाई, तुम्हीच नफिसाला फोन करा ना. पोटात बाळ आहे तिच्या." त्या म्हणाल्या, "तिकडे आमच्या एका नर्सने एका पोरीचं दुखणं असंच परस्पर तिच्या घरी सांगितलं होतं. चांगल्या मनाने. त्या पोरीच्या घरात जे झालं ते… तिला अंघोळ मी घातली, शबाना, पुरण्याआधी. तेव्हापासून ज्याचं दुखणं त्याच्या तोंडूनच निघायला हवं, असं आम्ही ठरवलं. आणि याने कसम घेतलीय."

यासीन गावी परतला. पहिल्या आठवड्यात फोन उचलायचा. "घरात पाहुणे आहेत, आमाई, उद्या सांगतो." मग, "अब्बांची तब्येत बरी नाही, जुम्मा झाला की सांगतो." मग फोन बंद. आमाई रोज दुपारी नमाजासाठी दवाखाना थांबला की तो नंबर लावायच्या. माझा भाऊ श्रीवर्धनला असतो. त्याला पाठवू का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. "एकाला कळलं की गावाला कळेल. मग तिचं ताट वेगळं होईल." पण त्यांचं जेवण तुटलं होतं. काम करता करता मध्येच म्हणायच्या, "आता आठवा संपला असेल." पुढे, "आता झाली असेल मोकळी."

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, त्यांचा फोन वाजला. यासीनचं नाव पाहून त्यांनी घाईघाईने घेतला. मी शेजारीच होते. पलीकडे बाईचा आवाज होता.

"तुम्ही आमाई का? त्यांच्या फोनमध्ये तुमचं नाव आहे."

"बोल, बेटा."

"मी नफिसा. ते गेले. दवाखान्यात सांगितलं काय झालं होतं ते. माझी पण तपासणी केली. मुलीची पण." मग तिने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

आमाईंना नाही म्हणता आलं असतं. "हो. ठाऊक होतं."

"मुलगी माझ्या पोटात होती तेव्हा?"

"हो."

फोन लगेच बंद झाला नाही. पलीकडे लहान मूल रडत होतं, ते आम्ही दोघी ऐकत राहिलो. मग आवाज तुटला.

त्या दिवसापासून आमाईंच्या खोलीतून भजन ऐकू आलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "प्रभूपुढे बसते गं. पण मी बोलायला लागले की त्या पोरीचाच प्रश्न ऐकू येतो." दुसऱ्या एका दिवशी आपणहून म्हणाल्या, "मी चुकले का, असं तू मला विचारू नकोस. मला रोज दोन्ही उत्तरं येतात." मी धीर द्यायला काहीबाही बोलले. मलावीतली इतकी बाळं वाचवलीत, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "ती वाचली होती. आता त्यांच्या आयांना गोळ्या कोण देतंय?"

त्यांनी राजीनामा दिला. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सौदी धन्याने, पुष्कळ अडवलं, मग कायमचं परत जायचं फायनल एक्झिट दिलं. विमानतळावर मी आणि माझे मालक सोडायला गेलो. मी विचारलं, "आता नगरलाच राहणार ना?" त्या म्हणाल्या, "आधी म्हसळ्याला जाते." मी म्हटलं, "ती तुम्हाला दारात उभं करणार नाही, आमाई." "मग दाराबाहेर उभी राहीन," त्या म्हणाल्या. त्यांना साखरेचा आजार होता, उजव्या पायाला जखम होती. त्या पायाने त्या लंगडत आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

पुढचं मला फोनवर तुटक तुटक कळायचं. नफिसाने पहिल्यांदा खरंच दार लावून घेतलं होतं. आमाई ओट्यावर बसून राहिल्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा गेल्या. मुलीला जिल्ह्याच्या दवाखान्यात औषधाला न्यावं लागे; सासरचं कुणी सोबत यायला तयार नव्हतं. आमाई बसल्या असताना नफिसाने एक अक्षर न बोलता मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि बुरखा घालून बाहेर आली. तेव्हापासून दर महिन्याला नगरहून निघायचं, घाट उतरून म्हसळा गाठायचं, दोघींना दवाखान्यात न्यायचं, परत आणायचं. "बोलते का काही?" मी विचारायची. "नाही," आमाई म्हणायच्या. "मुलगी मात्र अशक्त आहे फार. वजन धरत नाही."

मग एके दिवशी त्यांच्या भावाचा फोन आला. जखम चिघळून विष अंगभर गेलं होतं. पाय कापायला दवाखान्यात नेलं, पण त्याआधीच सगळं आटोपलं. भाऊ म्हणाला, "तिला घाटातून हिंडू नकोस म्हणून किती सांगितलं. कोण लागत होतं तिचं तिकडे?" मी काउंटरवर होते. समोर फिलिपिनो कामगारांची रांग होती. पुढच्याचं इकामा कार्ड घेतलं आणि नाव लिहायला लागले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले तेव्हा म्हसळ्याला जाऊन आले. नफिसाचं घर गावाच्या टोकाला. फोटोत पाहिलेली ती ओळखू येत नव्हती. मी जिझानहून आले म्हटल्यावर तिने आत घेतलं, चटई टाकली, पाणी आणलं. मुलगी दाराशी झोपली होती, अंगावर पातळ दुपटं. हात काड्यांसारखे.

नफिसाने माझं काही विचारलं नाही. तिने विचारलं, "ती बाई येईना झाली. दोन खेपा चुकल्या. फोन लागत नाही. मी एकटीच घेऊन जाते मुलीला. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

मी तिला सांगितलं.

ती उठली आणि मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिली. ते नीटच होतं. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "इतक्या वेळा आली. मी तिला एकदाही आत ये म्हटलं नाही."